सर्पगृहांतील क्वारंटीन

धान्याचा सांठा करणाऱ्या घरांत एक जुनी रीत असते. बाजारांतून गव्हाचें नवें पोतें आलें, तर तें एकदम कोठींतल्या डब्यांत कोणी ओतीत नाहीं. तें आधीं वेगळें उघडतात, सुपांतून पाखडतात, चार दिवस उन्हांत घालतात, आणि त्यांत सोंडा किंवा पोरकिडा नाहीं अशी खातरी झाल्यावरच जुन्या धान्याशेजारीं त्यास जागा मिळते. नव्या धान्यावर घरच्या बाईचा राग असतो म्हणून हें होत नाहीं. जुनें धान्य शाबूत राहावें म्हणून होतें. हाच शहाणपणा, अधिक कडक शिस्तीनें, जेथें पाळावा लागतो असें एक ठिकाण म्हणजे सर्पगृह. रानांतून धरून आणलेला नवा सर्प संग्रहांतील जुन्या सर्पांजवळ नेण्यापूर्वीं कांहीं आठवडे एकटा ठेवावा लागतो. त्याचें कारण काय, रीत कोणती, आणि ती चुकल्यास हानि कोणाची, याचा येथें विचार करावयाचा आहे.

मुंबईकरांस क्वारंटीन हा शब्द नवा नाहीं. १८९६ च्या प्लेगानें तो गिरगांवापासून परळापर्यंत चाळींच्या जिन्याजिन्यांवर आणून सोडला, आणि २०२० च्या कोरोनाच्या साथींत तो पुन्हां पोराबाळांच्या तोंडीं झाला. शब्दाचें मूळ मात्र एड्रियाटिक समुद्राच्या कांठचें आहे. १३७७ सालीं रगूसा, म्हणजे आजचें दुब्रोव्हनिक, या बंदरानें साथीच्या मुलखांतून येणाऱ्या लोकांस तीस दिवस बाहेर राहण्याची अट घातली. पुढें व्हेनिसमध्यें ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि इटालियन भाषेंतील 'चाळीस' या अर्थाच्या शब्दावरून क्वारंटीन हें नांव पडलें. त्या काळच्या कारभाऱ्यांस जंतु ठाऊक नव्हते. परंतु रोग अंगांत शिरणें आणि तो बाहेर दिसणें यांत कांहीं काळ जातो, आणि तेवढा काळ दूर बसून काढला तर गांव वाचतें, इतकें त्यांनीं अनुभवानें ओळखलें होतें.

माणसाचें क्वारंटीन आणि सर्पांचा संग्रह या दोन गोष्टी परळ येथें एकाच आवारांत भेटल्या. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यांत वाल्डेमार हाफकीन मुंबईस आले, त्यांनीं प्लेगावर लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. गव्हर्नरांचें जुनें निवासस्थान असलेल्या परळच्या वाड्यांत १० ऑगस्ट १८९९ रोजीं प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा उघडण्यांत आली. १९०६ सालीं तिचें नांव बदललें, आणि १९२५ सालीं तिला हाफकीन संस्था हें नांव मिळालें. याच प्रयोगशाळेंत विसाव्या शतकाच्या आरंभीं जॉर्ज लॅम यांनीं नाग आणि घोणस यांच्या विषांचा अभ्यास केला. नागाच्या विषावर तयार केलेलें औषध घोणसेच्या विषावर चालत नाहीं, हें त्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झालें. पुढें याच संस्थेंत सर्पदंशावरील औषध तयार होऊं लागलें, आणि त्यासाठीं जिवंत विषारी सर्प बाळगणें व त्यांचें विष काढणें हें परळचें एक काम होऊन बसलें. 'भारतांतील सर्प' या विषयावर १९६५ सालीं राष्ट्रीय पुस्तक न्यासातर्फें इंग्रजींत ग्रंथ लिहिणारे डॉ. देवरस हे याच संस्थेंतले.

हें औषध कसें तयार होतें तें समजल्याशिवाय सर्पाच्या प्रकृतीचें महत्त्व कळणार नाहीं. १८९४ सालीं फ्रान्समध्यें आल्बेर काल्मेत यांनीं दाखवून दिलें कीं, एखाद्या जनावरास सर्पाचें विष अतिशय थोड्या व हळूहळू वाढत्या प्रमाणांत टोंचीत गेल्यास त्याच्या रक्तांत त्या विषास मारणारें द्रव्य उत्पन्न होतें. आजही मूळ तत्त्व तेंच आहे. सर्पाचें विष काढून तें वाळवितात, त्याची सूक्ष्म मात्रा घोड्यास देतात, पुढें घोड्याच्या रक्तांतील द्रव भाग घेऊन तो शुद्ध करतात, आणि त्याची कुपी रुग्णालयांत पोंचते. भारतांत मिळणारें नेहमींचें प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चार सर्पांच्या विषांवर चालतें. कारखान्यांत यंत्रें कितीही आलीं तरी या सांखळीचें पहिलें टोक म्हणजे एक जिवंत सर्पच असतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें दगावलीं, म्हणजे दरसाल सरासरीनें अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला आहे. मरणारांत बहुतेक खेड्यांतले, शेतांत राबणारे लोक. सर्पगृहांत साथ शिरून सर्प मेले, तर त्याचा धक्का शेवटीं या लोकांपर्यंत पोंचतो.

आतां सर्प येतो कोठून तें पाहूं. सर्पांची पैदास पिंजऱ्यांत होऊं शकते, परंतु विषासाठीं लागणारे सर्प भारतांत बहुधा रानावनांतून आणि शेतांच्या बांधांवरूनच धरून आणीत आले आहेत. आंकड्यानें उचलणें, पिशवींत घालणें, टोपलींत किंवा पेटींत कोंबणें, मोटारींतून वा आगगाडींतून तासनतास हेलकावे खाणें, एवढें सोसून तो दाराशीं येतो. त्या वेळीं तो बहुधा तहानलेला असतो. धरतांना मान दाबली गेली असेल तर मणक्यास किंवा बरगड्यांस इजा असते. पिशवीला चावून तोंडास जखम झालेली असते. पूर्वीं नागपंचमीच्या दिवशीं गिरगांवांत व लालबागेंत टोपली घेऊन फिरणाऱ्या गारुड्यांचे नाग ज्यांनीं जवळून पाहिले, त्यांस तोंडाची जखम म्हणजे काय हें सांगावयास नको. दांत उपटलेले, कित्येकदां तोंड शिवलेलें, आणि उपासानें व तहानेनें व्याकूळ झाल्यामुळें पुढें आलेलें दूध पिणारे ते नाग लोकांस भाविक वाटत. वस्तुतः त्यांच्या हिरड्या सडत असत आणि पुढें थोड्याच दिवसांत ते मरत. रानांतून नीट धरलेला सर्प इतक्या वाईट स्थितींत नसतो. पण प्रवासाचा ताण त्याच्याही अंगीं असतो, आणि ताणाच्या वेळीं दबून राहिलेला रोग डोकें वर काढतो.

येथें कोणीही विचारील कीं, रोगी सर्प दिसल्यावर ओळखूं येणार नाहीं काय? अडचण हीच आहे. कुत्रें आजारी पडलें तर तें कण्हतें, पोपट आजारी पडला तर पिसें फुगवून बसतो. सर्प निरोगी असतांही बराच वेळ निश्चल पडून राहतो; आठवडा-आठवडा खात नाहीं; त्यास आवाज नाहीं, पापणी नाहीं, चेहऱ्यावर भाव नाहीं. शिवाय त्याचें रक्त भोंवतालच्या हवेप्रमाणें तापतें वा निवतें, आणि रोगाशीं झगडण्याची त्याची शक्ति त्या उष्णतेवर अवलंबून असते. म्हणून रोगाची चालही मंद असते. बहुतेक सर्पांचें एकच फुफ्फुस कामाचें असतें, आणि त्यांस श्वासपटल नसतें. त्यामुळें छातींत साचलेला कफ माणसाप्रमाणें खोकून टाकतां येत नाहीं. तोंड उघडें ठेवून श्वास घेणारा सर्प दृष्टीस पडतो, तेव्हां रोग बराच पुढें गेलेला असतो.

दुसरी गोष्ट अशी कीं, रानांतील सर्पाच्या अंगावर व पोटांत परोपजीवी जीव असणें ही नवलाची बाब नव्हे. बेडूक, सरडे, उंदीर खाणाऱ्या प्राण्याच्या पोटांत जंत असावयाचेच. रानांत तो आज या बांधावर, उद्यां त्या वारुळांत असतो. त्याच्या विष्ठेंतून पडलेलीं जंतांचीं अंडीं त्याच्याच तोंडीं पुन्हां क्वचितच जातात. पिंजऱ्यांत मात्र तीच हातभर जागा, तेंच पाण्याचें भांडें, तीच माती. रोज थोडी थोडी भर पडत जाऊन जो भार रानांत सोसवत होता तो जिवावर बेततो. आणि शेजारच्या पिंजऱ्यांतील जे सर्प वर्षभर स्वच्छतेंत राहिलेले, त्यांस या नव्या जीवांशीं झगडण्याची संवयही नसते.

अंगावरचे शत्रु दोन. एक गोचीड, तो डोळ्यांनीं दिसतो आणि हलक्या हातानें चिमट्यानें काढतां येतो. दुसरा त्याच्याच गोत्रांतला, पण राईहूनही लहान असा माइट. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम एक मिलिमीटरची असते. ती डोळ्याच्या कडेस, हनुवटीखालच्या घडींत, खवल्यांच्या आड दडून रक्त पिते आणि अंडीं मात्र सर्पाच्या अंगावर न घालतां पेटीच्या फटींत घालते. मुंबईच्या उबदार, दमट हवेंत अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास दोन-तीन आठवडे पुरे होतात. म्हणूनच आल्या दिवशीं स्वच्छ वाटणाऱ्या सर्पाच्या पेटींत तिसऱ्या आठवड्यांत काळे ठिपके चालूं लागतात. माइट स्वतः रक्त शोषतो, हें एक. एका सर्पाचे जंतु दुसऱ्याच्या रक्तांत नेतो, हें त्याहून वाईट. सर्प वारंवार पाण्याच्या भांड्यांत बुडून बसूं लागला, आणि त्या पाण्याच्या तळाशीं बारीक काळी पूड सांचूं लागली, तर राखणारानें समजावें कीं शत्रु घरांत आला आहे. फटी असलेली लांकडी पेटी क्वारंटीनसाठीं अयोग्य ठरते ती याच कारणानें.

पोटांतील शत्रु अधिक फसवे. सर्पांना होणाऱ्या अमीबाच्या रोगानें मोठमोठ्या प्राणिसंग्रहालयांतील सर्पगृहें ओस पडल्याचे दाखले आहेत. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें १९३० नंतरच्या दशकांत या रोगाचा शास्त्रीय अभ्यास झाला. त्यांतून जें कळलें तें मोठें शिकविणारें आहे. हाच अमीबा कासवांच्या आंतड्यांत सुखानें नांदतो आणि कासवास त्याचा उपद्रव जाणवत नाहीं. कासवाच्या विष्ठेंतून तो बाहेर पडतो, पाण्यांतून किंवा झाडूच्या टोकावरून सर्पाकडे जातो, आणि तेथें मात्र आंतड्यांस व्रण पाडून थोड्याच आठवड्यांत प्राण घेतो. सर्पाच्या विष्ठेंत आंव व रक्त दिसणें हें त्याचें चिन्ह. कासव आणि सर्प शेजारीं ठेवूं नयेत, एकाचें भांडें दुसऱ्यास वापरूं नये, हा नियम अशा मरणांतून आलेला आहे. औषधांच्या बाबतींतही हीच सावधगिरी लागते: जें आयव्हरमेक्टिन जंतांवर व माइटांवर सर्पास देतात, तेंच कासवास दिल्यास कासव मरतें.

परंतु सूक्ष्मदर्शक यंत्रांतही न दिसणारा शत्रु म्हणजे विषाणु. १९७२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें विषासाठीं सर्प पाळणाऱ्या एका सर्पगृहांत दक्षिण अमेरिकेंतील विषारी सर्पांमध्यें अकस्मात् साथ आली. सर्प तोंड उघडें टाकीत, अंगांतील जोर जाई, आणि लवकरच ते मरत. १९७६ सालीं या साथीचें वर्णन प्रसिद्ध झालें आणि पुढें तिच्या मुळाशीं फुफ्फुसांवर हल्ला करणारा एक विषाणु असल्याचें सिद्ध झालें. त्यावर आजही खात्रीचें औषध नाहीं. अजगर व बोआ यांच्या कुळांत दुसरा एक जीवघेणा रोग कित्येक दशकें ठाऊक होता. त्याचा संबंध एका विषाणूशीं आहे हें २०१२ सालीं उघडकीस आलें. हा रोग अंगांत असूनही बोआ महिनोन्‌महिने धडधाकट दिसूं शकतो. जेथें औषध चालत नाहीं, तेथें राखणाराच्या हातीं दोनच साधनें उरतात: अंतर आणि काळ.

त्या दोन साधनांचा वापर कसा करावयाचा? पहिली गोष्ट, खोली निराळी हवी. त्याच दालनांतील कोपरा म्हणजे क्वारंटीन नव्हे. वाऱ्यानें विषाणु जातो आणि फरशीवरून माइट चालत जातो. दुसरी गोष्ट, हत्यारें निराळीं हवींत. आंकडा, चिमटा, पाण्याचें भांडें, फडकें, झाडू, यांपैकीं एकही वस्तु दोन्ही खोल्यांत फिरूं नये. तिसरी गोष्ट, कामाचा क्रम. सकाळीं जुन्या, निरोगी सर्पांचें काम आधीं उरकावें आणि नव्यांच्या खोलींत शेवटीं जावें. तेथून परत जुन्यांकडे त्या दिवशीं येऊं नये. माणूस निराळाच नेमतां आला तर उत्तम. पुष्कळ ठिकाणीं हत्यारांचा नियम पाळतात आणि क्रमाचा नियम विसरतात. मग सारी स्वच्छता राखणाराच्या बाहींवरून आणि जोड्यांवरून वाहून जाते.

पेटी साधी असावी. तळाशीं माती किंवा पाला न घालतां वर्तमानपत्राचा कागद घालावा. कागद रोज बदलतां येतो, त्यावर विष्ठेचा रंग दिसतो, पांढऱ्या भागावर माइट दिसतो. पाण्याचें जड भांडें आणि अंग लपविण्यास एक आडोसा, एवढें आंत पुरे. आडोसा ही चैन नव्हे. उघड्यावर पडलेला सर्प भयानें खात नाहीं, आणि न खाणारा सर्प रोगी कीं भ्यालेला हें कळेनासें होतें. प्रथम पाणी द्यावें. खाणें चार-आठ दिवसांनीं, अंग सांवरल्यावर. रानचा उंदीर स्वतःच पिसवा व जंत घेऊन येतो, म्हणून स्वच्छ जागीं वाढविलेला, मारून गोठविलेला आणि नंतर वितळविलेला उंदीर बरा. आणि नव्यापुढें टाकलेला उंदीर त्यानें खाल्ला नाहीं, तर तो वाया जाऊं नये म्हणून जुन्यास देण्याचा मोह टाळावा. काटकसरीची ही एक संवय कित्येक संग्रहांस भोंवली आहे.

प्रत्येक सर्पाचें एक टिपण असावें: कोठें सांपडला, कोणत्या दिवशीं आला, वजन किती, लांबी किती, केव्हां खाल्लें, केव्हां विष्ठा झाली, कात केव्हां टाकली आणि ती सलग निघाली कीं तुकड्यांनीं. ठिकाणाची नोंद औषधासाठींही मोलाची आहे. कारण एकाच जातीच्या सर्पाचें विष प्रांताप्रांतांत थोडेंबहुत निराळें असतें. वजन उतरत चाललेला सर्प खात असला तरी निरोगी नव्हे. विष्ठा एकदां तपासून भागत नाहीं. जंतांचीं अंडीं रोज पडतात असें नाहीं, म्हणून ती कांहीं दिवसांच्या अंतरानें पुन्हां पुन्हां तपासावी लागते. आणि या काळांत सर्प मेला, तर त्यास गाडून मोकळें होऊं नये. त्याचें पोट व फुफ्फुस उघडून मरणाचें कारण शोधावें. मेलेला सर्प जिवंतांविषयीं साक्ष देतो. ती ऐकली नाहीं तर त्याचें मरण दोनदां फुकट गेलें.

हें किती दिवस? प्राणिसंग्रहालयांत सामान्यतः तीस दिवस हें कमींत कमी मानतात. सर्पांच्या बाबतींत, त्यांच्या रोगांची मंद चाल पाहून, साठ ते नव्वद दिवस ठेवावें असें जाणत्यांचें मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं प्रतिविषाच्या निर्मितीविषयीं मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले व पुढें ते सुधारले. त्यांतही विषासाठीं सर्प बाळगणाऱ्या संस्थेनें नव्या सर्पांसाठीं स्वतंत्र क्वारंटीन ठेवावें असें सांगितलें आहे. येथें एक बारीक पण महत्त्वाची अट आहे. पन्नासाव्या दिवशीं त्याच खोलींत दुसरा नवा सर्प आणला, तर पहिल्याचे पन्नास दिवस पुसले गेले; मोजणी पुन्हां पहिल्यापासून. म्हणून एक तुकडी एकदम आंत घ्यावी, एकदम बाहेर काढावी, खोली धुवून वाळवावी, आणि मगच दुसरीस दार उघडावें.

नियम कागदावर सोपे दिसतात. खरी परीक्षा पावसाळ्यांत होते. जून-जुलैमध्यें शेतें भिजूं लागलीं कीं बिळांतले सर्प बाहेर येतात, दंश वाढतात, आणि प्रतिविषाची मागणीही त्याच महिन्यांत चढते. समजा, अशा वेळीं सर्पगृहांत बारा घोणसी एकदम आल्या. विष हवें आहे, पिंजरे रिकामे आहेत, सर्प टवटवीत दिसत आहेत, त्यांतील दोघींनीं उंदीरही गिळला आहे. वरून विचारणा होते कीं, या बारांचें विष उद्यां कां काढूं नये? हें बोलणारा माणूस दुष्ट नसतो. त्याच्या डोळ्यांपुढें गांवच्या दवाखान्यांत तडफडणारा रुग्णच असतो. परंतु हिशेब पुरा मांडला पाहिजे. घाईनें मिळणार तें बारा सर्पांचें एक-दोन वेळचें विष. पणाला लागणार तो जुना सारा संग्रह, म्हणजे येणाऱ्या कित्येक महिन्यांचें विष. शिवाय विष काढतांना एकामागून एक सर्प त्याच हातांत धरले जातात आणि त्याच काचपात्राच्या पडद्यावर दांत रोंवतात. रोग पसरण्यास याहून सोयीचा प्रसंग शोधून सांपडणार नाहीं. आजच्या रुग्णाची दया आणि उद्यांच्या रुग्णाची दया यांत येथें झगडा आहे, आणि दुसरा रुग्ण समोर नसल्यामुळें त्याची बाजू मांडणें हें सर्पगृहाच्या राखणाराचें कर्तव्य ठरतें.

या बाबतींत तामिळनाडूतील इरुळ लोकांची रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. १९७८ सालीं त्यांची सर्प धरणारांची सहकारी संस्था स्थापन झाली. पूर्वीं कातड्यासाठीं सर्प मारणारे हे लोक आतां ते जिवंत धरतात, सुमारें तीन आठवडे मडक्यांत ठेवतात, तेवढ्या काळांत चार वेळां विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात, आणि सर्प पुन्हां रानांत सोडतात. भारतांतील प्रतिविषासाठीं लागणारें बरेंचसें विष त्यांच्याकडून आलें आहे. एकेका मडक्यांत एकेक सर्प, आणि मुक्काम थोडा, यामुळें साथीस फारसा वाव राहत नाहीं. पण त्यांतून दुसरी एक जबाबदारी उभी राहते. ज्या सर्पास परत सोडावयाचें, त्यानें बंदिवासांतून रोग घेऊन रानांत जाऊं नये. क्वारंटीनचें दार असें दोन्ही बाजूंनीं राखावें लागतें: रानचा रोग घरांत येऊं नये आणि घरचा रोग रानांत जाऊं नये.

माणसाच्या रक्षणाचीही यांत सोय आहे. निरोगी दिसणाऱ्या सर्पाच्या विष्ठेंतही साल्मोनेला जातीचे जंतु असूं शकतात. ते माणसास हगवण व ताप आणतात, आणि लहान मुलांस विशेष बाधतात. कांहीं सर्पांच्या फुफ्फुसांत जिभेच्या आकाराचे परोपजीवी किडे असतात. त्यांचीं अंडीं विष्ठेवाटें व थुंकीवाटें बाहेर पडतात, आणि माणसाच्या पोटांत गेल्यास त्यासही उपद्रव देतात. म्हणून प्रत्येक पेटीनंतर साबणानें हात धुणें, आणि त्या खोलींत खाणेंपिणें वर्ज्य करणें, हे नियम विषाच्या भयाइतकेच कसोशीनें पाळावे लागतात.

शहरांतील घरांच्या दृष्टीनें एक गोष्ट स्पष्ट सांगणें जरूर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सर्पांस संरक्षण दिलें आहे. परवान्याशिवाय रानचा सर्प धरणें किंवा घरांत बाळगणें हा गुन्हा आहे. दादरच्या एखाद्या गच्चीवर किंवा परळच्या एखाद्या गोदामांत धामण सांपडली, तर ती बरणींत घालून मुलांस दाखवीत ठेवूं नये. वनखात्यास कळवावें आणि ती बाहेर जाईपर्यंत दुरून नजर ठेवावी. क्वारंटीनची ही सारी विद्या परवानाधारक संस्थांसाठीं आहे, हौसेसाठीं नव्हे. तत्त्व मात्र घरोघर लागू पडतें. बाजारांतून आणलेला नवा मासा जुन्या काचपेटींत सोडण्यापूर्वीं, किंवा नवी कोंबडी जुन्या खुराड्यांत घालण्यापूर्वीं, कांहीं दिवस वेगळी ठेवणारा माणूस तेंच करीत असतो.

क्वारंटीन ही शिक्षा वाटली कीं तें मोडण्याकडे मन धांवतें, हेंही मुंबईनें पाहिलें आहे. १८९६ च्या ऑक्टोबर अखेर आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयावर गिरणीकामगारांच्या जमावानें हल्ला केला. रुग्णांस ओढून नेण्याची रीत, अपरिचित इमारत, आणि तेथून माणूस परत येत नाहीं ही भीति, यांनीं लोक बिथरले होते. दूर ठेवण्याचें तत्त्व चूक नव्हतें. पण ज्यास दूर ठेवावयाचें त्याची आस्था राखल्यावांचून तें तत्त्व टिकत नाहीं. सर्प रुग्णालयावर चालून जात नाहीं. त्याची तक्रार एवढीच कीं, तो खाणें सोडतो, आणि एके सकाळीं कागदावर सरळ पडलेला आढळतो. म्हणून त्याच्या एकटेपणांत ऊब, पाणी, आडोसा आणि शांतता असावी, एवढें पाहणें राखणाराकडे आहे. तितकें झालें आणि नव्वद दिवस धीर धरला, तर त्या पेटीचें दार उघडून सर्प आपल्या जातभाईंशेजारच्या पिंजऱ्यांत जातो. आणि पुढें कधीं तरी त्याच्या विषापासून तयार झालेली कुपी कोकणांतल्या किंवा देशावरच्या एखाद्या दवाखान्यांत, फुरसें चावलेल्या माणसाच्या उशाशीं, वेळेवर उघडली जाते.